छोट्या फॅमिली व्हॅनचा मायक्रो कॅम्पर: चौदा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

तिसऱ्या रात्री साडेतीनला फ्रिजची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच मला जाग आली. हात लांब करून पॉवर स्टेशनचं, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या पॉवर बँकेचं, बटण दाबलं, स्क्रीनवर शून्य. शेजारी नवराही जागाच होता, म्हणाला, "अगं, संपली का?" म्हटलं, "संपली." फ्रिजमध्ये लेकीचं अँटिबायोटिक सिरप होतं, पाणी घालून तयार केलेलं, ते गारच ठेवावं लागतं. सकाळ होईपर्यंत मी ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीच्या फटीपाशी धरून बसले होते. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण गाडीत बेड, पडदे, दिवे सगळं छान केलं पण विजेचा हिशोब मात्र चुकीच्या टोकाकडून केला.

रोजच्या छोट्या व्हॅनमध्येच झोपायची सोय केली की तिला मायक्रो कॅम्पर म्हणतात. आता चौदा महिने झालेत, नव्वदच्या वर रात्री ह्या गाडीत काढल्या, मधे अर्धी सिस्टीम उपटून नवीन केली, म्हणून आता लिहिते. कशाने खरंच उपयोग झाला आणि काय घेतलं नसतं तरी चाललं असतं, एवढंच सांगायचंय.

गाडी आधी सांगते. छोटी फॅमिली व्हॅन, बर्लिंगो, कांगू, कॅडी ह्या जातीची, उंच टपाची, दोन्ही बाजूंना सरकती दारं. आमची अट एकच होती, मागच्या सीट्स काढायच्या नाहीत. सहा वर्षांची लेक रोज त्याच सीटवर बसून शाळेत जाते, आणि सीट कायमच्या काढल्या की बऱ्याच ठिकाणी गाडीच्या नोंदणीत बदल करावा लागतो, ते वेगळंच लचांड. म्हणून मागे एक खोका, त्यावर तीन तुकड्यांची फळी, रात्री सीट दुमडायची आणि फळी पुढे उलगडायची. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्या की १.८५ मीटर लांबी मिळते, रुंदी १.१५. लेक पुढच्या दोन सीटवर आडवी टाकलेल्या वेगळ्या छोट्या फळीवर झोपते, अजून वर्षभर मावेल.

फळीसाठी आधी १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय आणला होता. ती एक फळीच पंचवीस किलोच्या घरात गेली. मग १२ मिलिमीटरचा घेऊन खालून दोन पट्ट्या मारल्या, आठ किलो वाचले आणि मधे दबत पण नाही. आठ किलोत काय एवढं असं वाटेल पण छोट्या गाडीत प्रत्येक किलो मोजावा लागतो. सगळं सामान, पाणी, आम्ही तिघं असे एकदा वजनकाट्यावर गाडी नेली तर दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल वजनाला फक्त चाळीस किलो बाकी होते. तुम्ही काहीही करायच्या आधी ती पट्टी वाचा आणि रिकामी गाडी एकदा काट्यावर घाला, मगच सुताराकडे जा. आणि खोका गाडीला आधीपासून असलेल्या सामान बांधायच्या कड्यांनाच बोल्टने बांधा. नुसता ठेवलेला खोका जोरात ब्रेक लागला की पुढे येतो आणि पुढे आपलं मूल बसलेलं असतं.

आता मुख्य विषय, वीज.

सुरुवातीला आम्ही हजार वॉट-अवरचं (म्हणजे शंभर वॉटची वस्तू दहा तास चालवेल एवढं) तयार पॉवर स्टेशन घेतलं. ब्रँडचं नाव घेत नाही. वस्तू म्हणून चांगली आहे, खोक्यातून काढा, लावा, वापरा, वायरिंग शून्य, घरी लाईट गेली तर घरात पण चालते. एका रात्रीसाठी जाणाऱ्यांनी तेच घ्यावं असं मी आजही सांगेन. अडचण ते परत भरताना येते. गाडीच्या सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून ते साधारण आठ अँपिअर घेतं, म्हणजे १२ गुणिले ८, शंभर वॉटसुद्धा पुरे नाहीत. पूर्ण भरायला अकरा-बारा तास गाडी चालवायला लागेल. आपण दिवसाला दोन तास गाडी चालवतो, म्हणजे आत आले दोनशे वॉट-अवरपेक्षा कमी, आणि फ्रिज एकटा दिवसाला तीनशे खातो. रोज येण्यापेक्षा जाणं जास्त, आणि तिसऱ्या रात्री साडेतीनला शून्य. हिशोब सरळ होता, मांडला मात्र आम्ही नंतर.

सोबत आलेलं घडीचं सोलर पॅनल पण होतं. ते बाहेर उन्हात पसरायचं, सूर्य सरकला की आपण ते सरकवायचं, म्हणजे कोणीतरी एक माणूस गाडीपाशी अडकला. आणि पॉवर स्टेशन मात्र बंद गाडीत उन्हात तापत बसणार, ते जास्त तापलं की स्वतःच चार्जिंग थांबवतं. दोनदा असं झालं की आम्ही चार तासांनी परत आलो तर आत काहीच गेलेलं नाही.

मग कायमची सिस्टीम बसवली. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिला चार्ज करायला अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) वीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, टपावर १०० वॉटचं पॅनल आणि पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा छोटा एमपीपीटी कंट्रोलर. बस्स. ह्यातल्या डीसी-टू-डीसी चार्जरला मी दहापैकी दहा देते, आणि कोणी विचारलं की पैसे कमी आहेत, एकच गोष्ट घ्यायची तर कोणती, तर मी सोलरच्या आधी हेच सांगते.

कारण असं. वीस अँपिअर म्हणजे साधारण २६० वॉट. दोन तास गाडी चालवली की पाचशेच्या आसपास वॉट-अवर आत. आमचा सगळा दिवसाचा खर्च चारशे आहे, फ्रिज तीनशे, बाकी दिवे, पंखा, फोन मिळून शंभर. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यातच दिवसाचं भागून वर उरतं, ढग असोत, पाऊस असो, झाडाखाली उभे असू.

आता बरेच जण म्हणतात की चार्जर कशाला, जाड वायर आणि एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाका की झालं. जुन्या गाड्यांना शिशाच्या बॅटरीसोबत ते चालायचं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो इंधन वाचवायला व्होल्टेज खालीवर करत राहतो, पुढची बॅटरी भरली की इतकं खाली आणतो की मागच्या बॅटरीत काही जातच नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध (करंटला होणारा अडथळा) फार कमी, ती रिकामी असताना थेट जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढते आणि छोट्या गाडीचा छोटा अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीने पळून तापतो, जळूही शकतो. डीसी-टू-डीसी चार्जर मधे बसून ठराविकच करंट घेतो आणि बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. आम्ही तीस अँपिअरचा घेणार होतो, पण गाडीचा अल्टरनेटर लहान म्हणून वीसवर थांबलो आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

बॅटरीबद्दल दोन शब्द. ह्या केमिस्ट्रीवर मला खरंच माया आहे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने ह्या पदार्थाचं काम केलं, १९९७ च्या त्या पेपरवर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे. गुडइनफना २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा पदार्थ फोन आणि लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटरीच्या मानाने खूप शांत आहे, सहजी पेट घेत नाही, आणि ज्या बॅटरीच्या वीतभर अंतरावर माझं डोकं असतं ती कशाची बनली आहे ह्याला माझ्या लेखी महत्त्व आहे. वजन साधारण बारा किलो. तेवढ्याच अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी पंचवीस ते तीस किलो भरते आणि टिकवायची तर तिच्यातली निम्मीच वापरायची असते. म्हणजे वजन दुप्पट आणि उपयोग निम्मा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, आतल्या आत लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीचा बीएमएस, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट, अशा वेळी चार्जिंग तोडतो, घेताना तो आहे ना हे विचारून घ्या. आमची बॅटरी सीटमागे आत आहे, टपावर किंवा गाडीखाली नाही. दुसरं, व्होल्टेज बघून ती किती भरली आहे हे कळत नाही, जवळजवळ पूर्ण वेळ काटा १३ च्या आसपासच घुटमळतो आणि शेवटी एकदम खाली येतो. त्यासाठी शंट लागतो, आत किती गेलं, बाहेर किती आलं हे मोजणारा. छोटी वस्तू आहे पण ती बसवल्यापासून रात्री माझी झोप नीट लागते.

आता वायरिंग, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच आम्ही वाचलो.

वायरिंग आम्ही एका वर्कशॉपकडून करून घेतलं. माणसं बोलायला चांगली, काम वेळेत, वरून बघितलं तर सगळं टापटीप, काळ्या जाळीत गुंडाळलेलं. आठवड्याने लांबचा प्रवास केला, दीड तासाने थांबलो, मी सहज सीटमागे हात घातला तर फ्यूजच्या डबीला हात लावता येईना. इस्त्रीला चुकून बोट लागावं तसं. डबीचं पारदर्शक झाकण एका कोपऱ्यात पिवळं पडून मऊ झालं होतं. फ्यूज उडालेला नव्हता, कारण करंट मर्यादेतच होता. नवऱ्याने चार्जर बंद केला, गार झाल्यावर लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) ओढून बघितला तर वायर लगमधून सरळ हातात आली. पक्कड घेऊन नुसता दाबलेला होता, क्रिम्प, म्हणजे खास हत्याराने घट्ट आवळलेलाच नव्हता.

हे कसं होतं ते समजून घ्या. असा ढिला जोड म्हणजे एक छोटा रोध. समजा ओहमचा फक्त पन्नासावा भाग, ०.०२. बावीस अँपिअर त्यातून गेले तर करंटचा वर्ग गुणिले रोध, जवळजवळ दहा वॉट उष्णता, अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीत, सतत. फ्यूज जास्त करंटला उडतो, ढिला जोड त्याला दिसतच नाही. म्हणून काम कोणीही केलेलं असो, पहिल्या लांब प्रवासात अर्ध्या तासाने थांबून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. जिथे कोमटपेक्षा जास्त लागलं तिथे उघडा.

आणि वायरची जाडी. त्यांनी सहा चौरस मिलिमीटरची टाकली होती. इंजिनपासून मागे पाच मीटर, जाऊन येऊन दहा. तांब्याच्या हिशोबाने बावीस अँपिअरला त्यात साधारण ०.६५ व्होल्ट गळतो, बारा व्होल्टच्या सिस्टीममध्ये तेवढा म्हणजे खूप. सोळाची टाकली, तोटा पाव व्होल्टच्या आसपास आला. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले, फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे आणि मधे कुठेही वायर घासून पत्र्याला लागली तर दोन्हीकडून करंट येणार. वर्कशॉपला फोन केला तेव्हा त्यांनी "वापरून सैल झालं असेल" एवढंच म्हटलं. दुसरी वेळ आम्ही स्वतः केलं, नवऱ्याने क्रिम्प, मी प्रत्येक जोड ओढून बघणार. दोन शनिवार गेले. वर्कशॉपच्या त्या कामाला मी एकही मार्क देत नाही, तिथे माझं मूल झोपतं.

फ्रिज. ह्यात चूक करू नका. स्वस्तात मिळणारे कूलर बॉक्स, गरम-गार दोन्ही करणारे, ते पेल्टियरवर चालतात, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी करंट गेला की एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर. ते बाहेरच्या तापमानापेक्षा वीसेक अंशच खाली जातात आणि न थांबता चाळीस-पन्नास वॉट ओढत राहतात, म्हणजे दिवसाला हजाराच्या वर वॉट-अवर. तेवढ्यासाठी बॅटरी तिप्पट लागेल. कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना साधारण तेवढेच वॉट घेतो पण गार झाला की बंद होतो, म्हणून दिवसाचे तीनशे. महाग आहे, हो, पण बॅटरी, पॅनल, वजन ह्यात तो फरक भरून निघतो. आमचा वीस लिटरचा आहे, तिघांना दोन-तीन दिवस पुरतो. त्याच्या कॉम्प्रेसरच्या बाजूला हवा खेळायला जागा हवी, आम्ही आधी त्याला खोक्यात घट्ट बसवलं होतं तेव्हा तो थांबतच नव्हता, मागच्या फळीला पाच सेंटिमीटरची चार भोकं पाडली आणि बाजूला चार बोटं जागा सोडली तर खर्च दिसण्याइतका कमी झाला.

एक तक्रार बरेच जण करतात, बॅटरी भरलेली असताना फ्रिज बंद पडतो. आमच्याकडे पण झालं. कारण सिगरेट लायटरचा प्लग. तो गाडीच्या हादऱ्याने हलतो, कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. प्लग कापून टाका, जाड वायर आणि स्क्रूवाला कनेक्टर लावा, आणि फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन सर्वात कडक सेटिंगवर असेल तर ते खाली आणा, गाडीची स्टार्टिंग बॅटरी वेगळी आहे ना मग भीती नाही.

सोलरला मी दहापैकी सहा देईन. स्वच्छ उन्हात १०० वॉटचं सपाट पडलेलं पॅनल आम्हाला दिवसाला तीनशे, कधी साडेतीनशे वॉट-अवर देतं. पूर्ण शंभर वॉट कधीच दिसत नाहीत. पॅनल तापलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद कमी होते आणि भर उन्हात पॅनल बाहेरच्या हवेपेक्षा खूप जास्त तापतं, म्हणून खाली हवा जाईल असं दोन बोटं उचलून बसवा. सावलीचं तर काय सांगू, एका कोपऱ्यावर झाडाची फांदी आली तरी अर्धं पॅनल झोपतं, कारण आतले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एका जागी तीन दिवस न हलता राहायचं असेल तेव्हा सोलर हवंच. रोज हलणाऱ्यांनी थांबलं तरी चालेल.

इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीतून घरच्या प्लगसारखी वीज करणारा डबा, काढून टाकला. नुसता चालू ठेवला तरी पंधरा वॉटच्या आसपास खातो, रात्रभरात लेकीच्या दिव्याच्या सहापट. फोन, लॅपटॉप सगळं आता यूएसबी-सीवर चालतं. विजेच्या किटलीचा मोह असेल त्यांच्यासाठी हिशोब, लिटरभर पाणी वीस अंशांवरून उकळायला कमीत कमी ९३ वॉट-अवर, तोटा धरून एकशे दहाच्या पुढे. म्हणजे दोनदा चहाचं पाणी ठेवलं की फ्रिजचा पाऊण दिवस गेला. उष्णता करायचं काम बॅटरीला सांगू नये.

आता ओल. ह्यावर कोणी पुरेसं बोलत नाही आणि वीज सुटल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त त्रास हिनेच दिला. एका थंड सकाळी लेक उठून म्हणाली, "आई, गाडी माझ्यावर रडतेय." वर बघितलं तर टपाच्या पत्र्याच्या एका स्क्रूवर थेंब जमत होता, मोठा होत होता आणि बरोब्बर तिच्या कपाळावर पडत होता. उशीचा अभ्रा ओला. गादी उचलली तर खालचा प्लाय काळा पडायला लागला होता.

तीन माणसं रात्रभरात नुसत्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटर तरी पाणी सोडतात. आणि वीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. छोट्या व्हॅनच्या आत साडेतीन घनमीटर हवा धरा, म्हणजे सगळी मिळून साठ ग्रॅम. उरलेलं साडेचारशे ग्रॅम पाणी जाणार कुठे? काचेवर, पत्र्यावर, गादीखाली, नाहीतर बाहेर. म्हणून खिडक्या घट्ट लावून झोपणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे आणि थंडीत आपण नेमकं तेच करतो.

आम्ही तीन गोष्टी केल्या. दोन खिडक्यांना बाहेरून पाऊस अडवणारे व्हायझर लावले आणि तिरक्या समोरासमोरच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवतो, आतून जाळी. एका खिडकीच्या जाळीत कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकणारा बसवला, अडीच वॉट, रात्रभरात पंचवीस वॉट-अवर, म्हणजे काहीच नाही. गादीखाली फळीला भोकं पाडून मधे जाळीची चटई टाकली. त्यानंतर काच थोडी धुरकट होते पण थेंब पडत नाही. सगळ्या खर्चात सगळ्यात स्वस्त काम हेच आणि मी ह्याला डीसी-टू-डीसी चार्जरच्या बरोबरीने दहापैकी दहा देते.

इन्सुलेशनला आम्ही दहा मिलिमीटरचा क्लोज्ड-सेल फोम वापरला, चिकटणारा, पाणी न पिणारा. कापसासारखं काही पत्र्यामागे भरू नका, ते ओल धरून बसतं आणि पत्रा आतून गंजतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, टपाच्या दोन्ही कडांना आणि खांबांना फोम चिकटवायच्या किंवा स्क्रू मारायच्या आधी गाडीचं पुस्तक उघडून पडद्यासारख्या एअरबॅग कुठून उघडतात ते बघा. तो पट्टा मोकळा सोडा. काचांना फोमचे कापलेले तुकडे, चांदीच्या बाजूचे, सक्शन कपवर. ते उन्हाळ्यातही तेवढेच कामाला येतात.

स्वयंपाक मागचं दार उघडून बाहेरच. एक बर्नर, खोक्यातून ओढून काढायची फळी. आधी आत सरकणारं पूर्ण किचन केलेलं, ड्रॉवर, सिंक, हातपंप, दोन महिन्यांत काढलं, चौदा किलोचं होतं आणि सिंकमध्ये आम्ही एकदाही भांडी धुतली नाहीत. पाणी दहा-दहा लिटरचे दोन कॅन, नळवाले, मागच्या चाकाजवळ खाली. टाकी-बिकी करू नका, कॅन उचलून कुठेही भरता येतो.

गॅसचं मात्र सांभाळा. नुसत्या ब्युटेनचा कॅन शून्याच्या जवळ मरगळतो कारण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याखाली तो वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत जातो, म्हणून थंडीला मिश्रणाचा कॅन घ्या. आणि पाऊस आहे म्हणून आत बर्नर पेटवायचा विचार आला तर हे आठवा, शंभर ग्रॅम ब्युटेन जळला की दीडशे ग्रॅम पाणी तयार होतं, आधीच ओलीने बेजार झालेल्या गाडीत. कार्बन मोनॉक्साईड तर त्याहून वाईट, त्याला ना रंग ना वास. आम्ही आत कधीच पेटवत नाही, तरीही मोनॉक्साईडचा अलार्म उशाशी लावलेला आहे, कारण शेजारी उभ्या राहिलेल्या गाडीचा धूरही खिडकीतून येऊ शकतो.

डिझेल हीटर बरेच जण सुचवतात. दोन किलोवॉटचा सगळ्यात लहान असतो आणि साडेतीन घनमीटरला तोसुद्धा भरमसाठ होतो, सारखा कमी-जास्त करत राहायचं, सुरू होताना शंभर वॉटच्या वर ओढतो, शिवाय धुराची नळी खालून नीट बाहेर काढायला हवी. बर्फात राहणाऱ्यांना लागेल. आम्ही बारा व्होल्टची पांघरायची गरम रजई घेतली, पंचेचाळीस वॉट, झोपायच्या आधी तासभर. हवा तापवण्यापेक्षा अंग तापवायला वीज फार कमी लागते. लेकीला गरम पाण्याची पिशवी, तिला तीच आवडते.

पॉवर स्टेशन आता घरी असतं आणि नणंदेकडे एका रात्रीच्या ट्रिपांना जातं, तिथे ते झकास चालतं. आमच्या शंटवर मागच्या वेळी चौथ्या सकाळी ७१ टक्के दिसत होते, आणि त्यात एक अख्खा दिवस पावसात उभे होतो.

एक काम राहिलंय. पॅनल पुढच्या बाजूला जरा जास्तच सरकून बसलंय, टपाच्या रेलिंगची सावली सकाळचे दोन तास पहिल्या ओळीच्या सेलवर पडते आणि तेवढा वेळ कंट्रोलर वीस वॉटच्या वर जात नाही. ते एक हात मागे घ्यायचंय. नवऱ्याने मोजून पेन्सिलच्या खुणा करून ठेवल्या आहेत, जुन्या भोकांत भरायला सीलंट आणून ठेवलंय, पाऊस थांबला की त्या शनिवारी करू.